लिफ्ट आहे, पण चालत नाही

मी दलाल. हल्ली लोक कार्डावर भारी भारी नावं छापतात, मी कधी कार्डच छापलं नाही. कोरेगाव भीमाला हायवेच्या कडेला, टायरवाल्याच्या शेजारी माझा दहा बाय दहाचा गाळा होता. त्यावर पाटी होती : 'खोल्या व फ्लॅट दाखवले जातील.' दाखवले जातील, एवढंच. घ्या म्हणून मी कुणाच्या मागं लागले नाही. बावीस वर्षं हा धंदा केला. बाईमाणसानं तो करावा की नाही यावर गावात जेवढी चर्चा झाली, तेवढी पाण्याच्या टाकीवर झाली असती तर टाकी दहा वर्षं आधी बांधून झाली असती.

माझं माहेर वडगाव रासाई. आज्यापर्यंत आमची मेंढरं होती, वडिलांनी ती विकून भीमेकाठी शेती धरली. शिक्षण दहावी. नवरा कारखान्यात मशीनवर. मी आधी कामगारांना खोल्या दाखवायची, मग फ्लॅट आले तसे फ्लॅट दाखवायला लागले. शिकवायला कुणी नव्हतं. चुकत चुकत जे कळलं ते सांगते, कारण ते आजही उपयोगी पडेल.

माणसं फ्लॅट बघायला रविवारी सकाळी येतात. रविवारी सकाळी टाकी भरलेली असते, जिना पुसलेला असतो, वॉचमनच्या अंगात इस्त्रीचा शर्ट असतो. मी गिऱ्हाईक मंगळवारी दुपारी दोनला न्यायची, जमलं तर एप्रिलात. सगळ्यात वरच्या मजल्यावर जायचं आणि संडासातला नळ सोडायचा. बादली भरेपर्यंत तिथंच उभं राहायचं. बागेत कारंजं आहे की नाही हे त्यानंतर बघायचं.

दुसरं, मेंटेनन्स. महिन्याला किती, हे सगळे विचारतात. कशाकशाचे घेणार आणि वाढवायचं कुणाच्या हातात आहे, हे शंभरात दोघं विचारतात.

तिसरं, नियमांचा कागद. तो मी शेवटाकडून वाचायची. पहिले पाच-सहा नियम सगळीकडं सारखेच असतात, कचरा जिन्यात टाकू नये वगैरे. खरी मेख शेवटच्या ओळींत असते. एका ठिकाणी सतरावा नियम होता की पाहुणा आठ दिवसांच्या वर राहिला तर ऑफिसात लेखी कळवायचं. माझ्याबरोबर आलेल्या एका सुनेनं तो दोनदा वाचला आणि हळूच विचारलं, "ताई, सासूबाई पाहुण्यांत धरायच्या का?"

गिऱ्हाइकांचे नमुनेही बघितले. दौंडचे एक रेल्वेतले गार्ड रिटायर होऊन आले होते. आयुष्य जंक्शनवर गेलं, आता गाडीचा आवाज कानावर पडणार नाही असा फ्लॅट द्या म्हणाले. मी शोधून दिला, मागं नुसता ऊस. महिनाभरात परत आले. "ताई, झोप लागत न्हाई. हायवेच्या अंगाचा काय हाय का बघा," म्हणाले. तोही दिला.

पण मला सांगायचंय ते खातूनबींचं. ते सांगताना माझी बाजू काही सगळी उजळ नाही.

दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. वढूच्या रस्त्याला आतल्या अंगाला एक संकुल उभं राहत होतं, चार इमारतींचं. नाव लिहीत नाही, आता तिथं चांगली माणसं राहतात. बिल्डर पुण्याचा. त्याला सगळे शेठ म्हणायचे. जमीन आमच्या भावकीतल्या आप्पांची. आप्पा म्हणजे माझे चुलत सासरे. जमिनीच्या बदल्यात त्यांनी भागीदारी घेतली होती. घरचं काम म्हणून पहिल्या इमारतीचे फ्लॅट दाखवायचं त्यांनी माझ्याकडं सोपवलं.

रंगीत पुस्तिका छापलेली होती. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, मुलांना घसरगुंडी, चोवीस तास पाणी, लिफ्ट. आमच्या भागात तोवर लिफ्ट फक्त कारखान्यात, माल चढवायला. लोक लिफ्ट बघायलाच यायचे.

रफिकभाई शिरूरचे, सणसवाडीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर. रोज शिरूरहून येऊन-जाऊन करायचे, म्हणून इकडं घर बघत होते. घरात बायको, दोन मुली आणि आई. आई म्हणजे खातूनबी. आरोग्य केंद्रात आया म्हणून तीस वर्षं नोकरी केलेली बाई. नर्सबाईंच्या मागं पेटी घेऊन वाड्यावस्त्या पायी तुडवलेल्या, त्यात दोन्ही गुडघे गेले. काठी घेऊन दहा पावलं चालायच्या आणि थांबायच्या. पण जीभ धारदार. मी त्यांना खाला म्हणायची, म्हणजे मावशी.

त्या दिवशी त्या गेटाजवळ खुर्ची टाकून बसल्या. "रफिक, तू वर जाऊन बघ. खिडक्या किती हायेत त्ये मोज," म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. बाकी तलाव, बाग काही विचारलं नाही.

"लिफ्ट चालती का?"

मी त्यांना हाताला धरून लिफ्टपर्यंत नेलं. जाळीचं दार ओढलं, आत दिवा लागला, पंखा फिरला. चारचं बटण दाबलं. काही झालं नाही. साइटचा सुपरवायझर धावत आला. "आज व्होल्टेज कमी हाय. एरवी चालती."

मी त्या महिन्यात त्या इमारतीत निदान सहा वेळा गेले होते आणि सहाही वेळा जिना चढले होते. ती लिफ्ट वर जाताना मी बघितली नव्हती. हे मला माहीत होतं. खाली फ्लॅट उरले नव्हते, रफिकभाईंच्या आवाक्यातला एकच होता, चौथ्या मजल्याचा. आणि तीन महिन्यांत माझ्या हातून एक व्यवहार झाला नव्हता.

"चालती, खाला," मी म्हणाले.

महिन्याभरात शिरूरच्या कचेरीत दस्त झाला. पुढं ताबा मिळाला. सामान आलं त्या दिवशी मी गेले होते. लिफ्टच्या दाराला साखळी घातलेली. रफिकभाईंच्या कारखान्यातल्या चौघांनी खातूनबींना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून जिना चढायला लागले. प्रत्येक वळणावर थांबत होते. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी खुर्ची टेकवली तेव्हा म्हातारी म्हणाली, "तीस वर्सं मी बाळंतिणी अशाच उचलून आणल्या. आज माझी बारी."

सगळे हसले. मला हसू आलं नाही.

चौकशी केली तेव्हा कळलं ते असं. सगळी इमारत बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर चालली होती. दिवे-पंखे त्यावर कसेबसे भागत होते. लिफ्टला स्वतंत्र वीज लागते, त्यासाठी ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो, मग सरकारी इन्स्पेक्टर येऊन लिफ्ट तपासतो, कागद देतो आणि तेव्हा ती चालवता येते. शेठनं ट्रान्सफॉर्मरसाठी अर्जच केला नव्हता. बाकीचे फ्लॅट विकले की करू, असा हिशेब. मात्र महिन्याच्या मेंटेनन्सच्या पावतीवर लिफ्टची देखभाल लावलेली होती. शिवाय नियमांच्या कागदात शेवटून दुसरी ओळ होती : मेंटेनन्स थकल्यास पाणी बंद करण्यात येईल. तो कागद मी शेवटाकडून वाचणारी बाई. या वेळी वाचला नव्हता, घरचं काम म्हणून.

महिन्यानं मी वर गेले. खातूनबी बाल्कनीत बसल्या होत्या. खाली उतरणं म्हणजे चार माणसं जमवणं, म्हणून दवाखानासुद्धा टाळत होत्या. मला बस म्हणाल्या. सुनेला चहा टाकायला सांगितला. मग सरळ विचारलं.

"कमल, त्या दिशी तू चालती म्हणालीस. तुला म्हायती व्हतं का न्हवतं?"

खोटं बोलायला सोपं होतं. सुपरवायझरचं नाव पुढं करता आलं असतं.

"म्हायती व्हतं, खाला."

"म्हंजी तू खोटं बोल्लीस."

"व्हय."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "मग आता काय करनार हाईस?"

चहा पिऊन जिना उतरले. पण त्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं, तळेगावचे एक मास्तर. त्यांना घेऊन मी संकुलात गेले. लिफ्टपाशी आम्ही थांबलो आणि मी म्हणाले, "मास्तर, ही लिफ्ट हाय, पण ती आजपातूर एकदाबी वर गेलेली न्हाई. कवा जाईल त्ये मला म्हायती न्हाई. मला बिल्डरनं नेमलंय, तरीबी सांगते." मास्तर नमस्कार करून निघून गेले.

असं तीन-चारदा झाल्यावर शेठनं ऑफिसात बोलावलं. माणूस गोड बोलायचा. म्हणाला, "ताई, पुढच्या तिन्ही इमारती तुमच्याकडंच देणार आहे. थोडा धीर धरा. लिफ्ट काय, आज ना उद्या होईलच."

"मग लोकांना तसंच सांगते. आज न्हाई, उद्या."

"असं बोलून धंदा होत नाही."

"न्हाई होत. मला म्हायती हाय. मी करून बघितलाय तुमच्यासारखा."

त्यानं दुसऱ्या दिवसापासून मला गेटाच्या आत यायला बंदी केली. वॉचमन बिचारा ओळखीचा, त्याला बोलायला लाज वाटत होती. मी म्हणाले, "तू तुझी नोकरी कर. रस्ता ग्रामपंचायतीचा हाय, मी रस्त्यावर उभी राहते."

पण नुसतं उभं राहून सांगितलं तर बाई चिडलीय म्हणतील. रफिकभाईंशी बोलले. तोवर इमारतीत एकोणीस घरं राहायला आली होती. एका संध्याकाळी सगळे रफिकभाईंच्या घरी जमले. पुस्तिका मधोमध ठेवली आणि एक-एक ओळ वाचली. चोवीस तास पाणी : सकाळी एक तास. लिफ्ट : आहे, पण चालत नाही. पोहण्याचा तलाव : खड्डा, पाणी नाही. व्यायामशाळा : सिमेंटची पोती ठेवली आहेत. घसरगुंडी : आहे, चांगली आहे. ती चांगली आहे हेही लिहायचं, असं मी सांगितलं. जे आहे ते आहे म्हटलं तरच जे नाही त्यावर कुणी विश्वास ठेवील.

प्लायवूडचा फळा केला. एका बाजूला 'सांगितलेलं', दुसऱ्या बाजूला 'आज'. खाली एकोणीस घरांच्या सह्या. पहिली सही खातूनबींची. त्यांनी नाव लिहिलं आणि पुढं मजला लिहिला : चौथा.

रविवारी सकाळी मी फळा घेऊन गेटाबाहेर उभी राहिले. वढूला समाधीच्या दर्शनाला जाणाऱ्या गाड्यासुद्धा थांबून वाचत होत्या. फ्लॅट बघायला आलेली माणसं फळा वाचायची आणि आत जाऊन नेमक्या त्याच गोष्टी विचारायची. दुपारनंतर सुपरवायझरनं फळा मोडला. पुढच्या रविवारी दुसरा नेला, तोही मोडला. तिसऱ्या खेपेला रफिकभाईंनी जाड पत्रा कापून, मागं अँगल वेल्ड करून लोखंडी फळा आणला. तो उचलायलाच दोन माणसं लागत होती. मोडणार कसा?

शेठनं चौकीत तक्रार केली. हवालदार आले, फळा वरपासून खालपर्यंत वाचला. सुपरवायझरला म्हणाले, "यातलं खोटं कंचं हाय त्ये दाखव." तो आत निघून गेला. हवालदार मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, मलाबी एक फ्लॅट बघायचाय. पान्याची खात्री असंल असा सांगा."

चौकी सोपी होती. घर अवघड होतं. आप्पा एका सकाळी घरी आले. पाणी दिलं ते प्याले नाहीत. नवरा शिफ्टवरून नुकताच आलेला, भिंतीला टेकून बसला होता.

"कमल, तू आपल्या घरची सून हाईस," आप्पा म्हणाले. "घरचीच बाई रस्त्यावर फळा घिऊन हुबी. मला तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई."

"आप्पा, फळ्यावर तुमचं नाव न्हाई."

"जमीन माझी हाय, म्हंजी नाव माझंच. त्या लोकांसाठी तू भावकी तोडनार? कोन लागत्यात ती तुझी?"

"मी त्यांना फसवलंय. एवढं नातं लागतं."

"लिफ्ट काय आज ना उद्या व्हईल."

"शेठबी ह्येच म्हनले. आप्पा, तुमच्या आईला गावात बैलगाडीतनं उतरवताना तुम्ही कुणाला हात लावू देत न्हवता. तिकडं दर खेपेला परक्या मानसांनी म्हातारीला उचलायचं. तुम्ही एकदा वर जाऊन तिला भेटून या. मग म्हना, आज ना उद्या."

आप्पा उठले. "भावकीत तुला कुनी हाक मारनार न्हाई, ध्यानात ठिव," म्हणाले आणि नवऱ्याकडं बघितलं. तो आवरेल बायकोला, असं त्यांना वाटलं असेल.

नवरा फार बोलणारा माणूस नव्हता. तो म्हणाला, "आप्पा, रविवारी माझी सुट्टी असती. मी जातो तिच्यासंगं. फळा जड हाय."

आणि तो आलाही. पुढचे सगळे रविवार आला.

भावकीनं शब्द पाळला. त्या साली आप्पांच्या पुतणीचं लग्न झालं, हळदीला आम्हाला बोलावणं नव्हतं. मांडव आमच्या दारातून दिसत होता. मी त्या दिवशी दार उघडंच ठेवलं आणि दारात बसून शेंगा फोडल्या. ज्याला बघायचं त्यानं बघावं.

शेठला काही उपरती झाली नाही. कर्ज देणाऱ्या बँकेचा माणूस जागा बघायला आला, त्यानं फळा वाचला आणि लिफ्टचा कागद मागितला. तो नव्हता. बुकिंगं थांबली. तेव्हा कुठं अर्ज झाला, पैसे भरले गेले, आणि एक दिवस ट्रकवरून ट्रान्सफॉर्मर आला. इन्स्पेक्टर आले, तपासून गेले. ताबा दिल्यापासून आठव्या महिन्यात लिफ्ट चालू झाली. पहिल्या फेरीला रफिकभाईंच्या दोन्ही मुली आणि मी वर गेलो. मुली चौथ्यावर उतरल्याच नाहीत, परत खाली आल्या, परत वर. मी खडू घेतला आणि फळ्यावर लिफ्टपुढचं 'पण चालत नाही' पुसून 'चालते' लिहिलं. तलावापुढचं 'पाणी नाही' तसंच ठेवलं.

खातूनबी मात्र तिथं नव्हत्या. पाचव्या महिन्यात त्यांना श्वासाचा त्रास झाला. खुर्चीत घालून खाली उतरवेपर्यंत अर्धा तास गेला. बऱ्या झाल्या, पण त्यानंतर त्या लेकीकडं शिरूरला गेल्या. लेकीचं घर बैठं, रस्त्याला लागून.

लिफ्ट चालू झाली त्या आठवड्यात मी एसटीनं शिरूरला गेले. त्या ओट्यावर बसल्या होत्या. शेजारणी भोवती, कुणाच्या तरी नातवाला मांडीवर घेतलेलं. येणारा-जाणारा सलाम करत होता, नमस्कार करत होता. निम्म्या गल्लीचा जन्म त्यांच्या हातचा. मी बातमी सांगितली.

"चालती का? तू बघितलीस?"

"बघितली. बसले बी. आज सोबत चला, खाला. गाडी करते."

त्यांनी पोराच्या पाठीवर थोपटलं. "न्हाई येत. पाच म्हैनं मी त्या खिडकीतनं उसाकडं बघितलं. एरवी कुनी वर येत न्हवतं, मला खाली जाता येत न्हवतं. रफिकला वाईट वाटू नाय म्हनून बोलत न्हवते. आता त्या घरात पाय टाकावा वाटत न्हाई."

"माझ्यामुळं झालं."

"व्हय, तुझ्यामुळं," त्या म्हणाल्या. असू दे म्हणाल्या नाहीत. मला ते बरं वाटलं. "आन् लिफ्टबी तुझ्यामुळं चालू झाली. दोनी खरं हाय. पन कमल, मला सांगायचं व्हतंस ना आधी. मी रफिकला म्हनले असते, रोजचा हेलपाटा मार, पन मला इथंच ठिव. सही करायच्या आधी सांगितलं असतंस तर तेवढं माझ्या हातात व्हतं."

त्या त्यानंतर सहा वर्षं जगल्या, शिरूरलाच. रफिकभाई दर रविवारी जायचे. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत मुलींचं अभ्यासाचं टेबल आलं.

मला त्या शेठचं काम पुन्हा मिळालं नाही, आणखी तीन बिल्डरांनीही माझं नाव काढून टाकलं. ही बाई गिऱ्हाईक मोडते, असं हायवेभर झालं. मी गाळा बंद केला नाही. बिल्डर मला पाठवत नव्हते, पण माणसं स्वतःहून शोधत यायला लागली. तरी पहिल्यासारखं कधी झालं नाही, हेही खरंच सांगते.

लिफ्टची बातमी सांगून शिरूरहून आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी गाळा उघडला तर एक जोडपं वाट बघत होतं. नवीन लग्न झालेलं, चाकणला नोकरी. दुसऱ्या एका संकुलातला फ्लॅट त्यांच्या मनात भरला होता. पहिला मजला, पूर्वेची खिडकी. आज टोकन द्यायचं म्हणून आले होते. मी नकाशा काढला आणि बोट ठेवून दाखवलं की मागच्या इमारतीचा मैलापाण्याचा खड्डा बरोबर या खिडकीखाली येणार आहे. अजून खणलेला नाही म्हणून दिसत नाही.

मुलीचं तोंड उतरलं. मुलगा वैतागला. "तुम्हाला विकायचंय की नाही?"

"विकायचंय," मी म्हणाले. "पन खिडकी तुम्हाला उघडायची हाय."

त्यांनी एकमेकांकडं बघितलं. मुलगा उठला आणि रस्ता ओलांडून समोरच्या दलालाकडं गेला. मुलगी जरा रेंगाळली, नकाशाकडं परत एकदा बघितलं, मग तीही गेली. मी नकाशाची घडी घातली. हाक मारली नाही.